बुडालं तर कुणाचं?

*एक वाचक, नाशिक: ताई, वडिलांच्या निवृत्तीचे १८ लाख रुपये आमच्या भागातल्या एका नागरी सहकारी बँकेत आहेत. त्यातले ८ लाख दोन शाखांत मिळून बाबांच्या एकट्याच्या नावावर, ६ लाख आई-बाबांच्या संयुक्त खात्यात आणि ४ लाख आईच्या नावावर. सरकारी बँकेपेक्षा एक टक्का व्याज जास्त मिळतं. बँकेत शिरल्याशिरल्या 'ठेवींना विमासंरक्षण' असा फलक दिसतो. बाबा म्हणतात, मग काळजी कसली? बरोबर आहे ना?*

अर्धं बरोबर आहे. फलक खरा आहे, पण त्यावर आकडाही लिहिलेला असतो आणि तो सहसा कुणी वाचत नाही. विमा आहे ५ लाखांपर्यंतचा, तोही मुद्दल आणि तोवरचं व्याज धरून. शिवाय तो दर पावतीला नाही. एका बँकेत, एका माणसाच्या, एकाच नात्याने असलेल्या सगळ्या पैशांना मिळून तो एकदाच लागतो. दोन शाखांत विभागून ठेवल्याने काहीही फरक पडत नाही. बाबांना कुणीतरी ते सुचवलं असणार. काउंटरवर असताना असे सल्ले देणारे शेजारी मी रोज ऐकायची.

तुमचा हिशेब मांडू या. बाबांच्या एकट्याच्या ८ लाखांपैकी ५ लाख विम्यात येतात. संयुक्त खातं वेगळं धरलं जातं, म्हणून त्या ६ लाखांपैकी आणखी ५ लाख. आईचे ४ लाख पूर्ण. एकूण १४ लाख झाकले, ४ लाख उघडे. त्या उघड्या ४ लाखांवर तुम्हाला जास्तीचे मिळतात वर्षाला ४ हजार. ४ लाख टांगणीला लावायची ही किंमत पुरेशी वाटते का, एवढंच बाबांना विचारा. वाटत असेल तर त्यांचा पैसा आहे, खुशाल ठेवावा. माझ्या पैशाला मी ती किंमत घेतली नसती.

या विम्याची सुरुवात आपल्या विदर्भाशी जोडलेली आहे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या. लोक इतके धास्तावले की संसदेला कायदा करावा लागला आणि १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ सुरू झालं. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. सहकारी बँकांना ते लागू करण्याचा कायदा १९६८ मध्ये झाला. मर्यादा वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली आणि मग सत्तावीस वर्षं तिथेच बसून राहिली. पीएमसी ही नागरी सहकारी बँक घोटाळ्यात अडकली, मुंबईत ठेवीदार रस्त्यावर आले, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाखांवर गेली. आपल्याकडे नियम माणसांच्या रडण्यामागून येतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

विम्याचा हप्ता बँक भरते, २०२५-२६ पर्यंत तो सरसकट शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे होता. ठेवीदाराकडून तो वसूल करायचा नाही असा नियम आहे. त्या दराने तुमच्या १८ लाखांवर हा हप्ता होतो २,१६० रुपये. तो पूर्ण १८ लाखांवर भरला जातो, जरी झाकले १४ लाखच गेले. सगळ्या बँकांचे हप्ते एका निधीत जमतात आणि बुडालेल्या बँकेचे ठेवीदार त्यातून पैसे घेतात. म्हणजे स्टेट बँकेच्या ठेवींवरचा हप्ता एखाद्या तालुक्याच्या बँकेतल्या घोटाळ्यासाठी खर्ची पडतो. नीट चालणाऱ्या बँका यावर वर्षानुवर्षं कुरकुरत होत्या. आता २०२६-२७ पासून बँकेची तब्येत पाहून हप्ता ठरवायचं रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं आहे. मला हे पटतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आणि सरळ चालवणाऱ्याला एकच हप्ता कशाला?

बुडाल्यावर पैसे मिळतात कधी, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तोच जास्त महत्त्वाचा. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत विमा मिळतच नसे. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधल्या काळात लोकांची लग्नं, आजारपणं, श्राद्धं सगळं झालं, पैसे आपले आतच. पीएमसीत तर सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यायची असते. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने यादी द्यायची, पुढच्या ३० दिवसांत तिची तपासणी, शेवटच्या १५ दिवसांत पैसे. त्यासाठी ठेवीदाराने संमतीचा अर्ज आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. म्हणून आजच बाबांचं केवायसी अद्ययावत आहे ना ते पाहा, आणि दुसऱ्या एखाद्या बँकेत त्यांचं चालू असलेलं खातं आहे ना तेही. बाबांचं त्याच बँकेत कर्ज असेल तर ते वजा होऊन उरलेलं मिळतं, हेही लक्षात असू द्या.

पाच लाखांवरच्या पैशाचं काय होतं, ते बँकेवर अवलंबून. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले, ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदार सुटले. पीएमसीचं विलीनीकरण २०२२ च्या जानेवारीत झालं, पण मोठ्या ठेवींच्या परतफेडीला तब्बल दहा वर्षांची मुदत घातली गेली. पंचाहत्तरीच्या माणसाला दहा वर्षं थांबा म्हणणं म्हणजे काय, ते लिहायची गरज नाही.

बँक लगेच बदला असं मी म्हणत नाही. दरवर्षी घरी येणारा वार्षिक अहवाल बाबांकडून मागून घ्या. सभासद असतील तर तो येतोच. वार्षिक सभा मंगल कार्यालयात असते, अध्यक्षांचं भाषण चालू असताना लोकांचं लक्ष चिवडा-लाडवाच्या पाकिटाकडे आणि 'मंजूर, मंजूर' म्हणून उठायची घाई. मी व्यासपीठामागच्या खुर्चीत बसून हे पाहिलं आहे. अहवालाची पुढची रंगीत पानं सोडा, मागे ताळेबंदाशेजारी दोन आकडे शोधा. निव्वळ अनुत्पादित कर्जं, म्हणजे थकलेली कर्जं, तीन टक्क्यांच्या आत आहेत का? आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल, नऊ टक्क्यांच्या वर, खरं तर बारा टक्क्यांच्या आसपास आहे का? मग सगळ्यात मोठी कर्जं कुणाला दिली आहेत ते सभेत उभं राहून विचारा. पीएमसीचं सत्तर टक्क्यांच्या वर कर्ज एकाच बांधकाम समूहात गुंतलं होतं, आणि ते हजारो खोट्या खात्यांआड लपवलं होतं. अहवाल वाचून हे कुणाला कळलं नसतं, हे मान्य. तरी जो प्रश्न विचारतो त्याच्यापुढे संचालक मंडळ जरा सावरून बसतं.

बाबांनी साडेतीन लाख आपल्या नावावरून काढून दुसऱ्या बँकेत न्यावेत आणि संयुक्त खात्यातून दीड लाख काढावेत. मग दोन्हीकडे साडेचार लाख राहतील आणि व्याज मिळूनही सगळं विम्यात बसेल. आणखी एक पळवाट नियमातच आहे: दुसरं संयुक्त खातं काढून त्यात नावांचा क्रम उलटा केला, म्हणजे आई पहिली आणि बाबा दुसरे, तर ते वेगळं खातं धरतात आणि त्याला पुन्हा पाच लाख. पण एवढी कसरत करावी लागत असेल तर त्या बँकेवर आपला विश्वास किती, हे आपणच कबूल करतोय.

*एक वाचक, सांगोला: आमच्याकडे पतसंस्थेचा माणूस रोज संध्याकाळी पिग्मीचे पैसे घ्यायला येतो. चांगला माणूस आहे. तिथे विमा लागतो का?*

नाही. एक रुपयाचाही नाही.

ठेव विमा फक्त बँकांना. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालत नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. मल्टिस्टेट पतसंस्था असेल तर तिचा निबंधक दिल्लीत. नावात 'मल्टिस्टेट' आलं की लोकांना ती मोठी आणि भक्कम वाटते. माझ्या अनुभवात त्या शब्दाचा एवढाच अर्थ होतो की तक्रार घेऊन जायचं ठिकाण लांब गेलं.

पैसे बुडवणाऱ्या संस्थांसाठी महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होते, न्यायालयाच्या परवानगीने विकली जाते आणि आलेल्या पैशांतून ठेवीदारांना वाटा मिळतो. पण हे सगळं गुन्हा दाखल झाल्यानंतरचं. तोपर्यंत ज्या जमिनी विकायच्या त्यांवर आणखी दोघांचे बोजे चढलेले असतात.

चांगला माणूस आहे म्हणता, असेलच. पिग्मी एजंट कमिशनवर असतो, त्याला ताळेबंद कोण दाखवतो? संस्था बुडते तेव्हा पहिली शिवी त्यालाच बसते, आणि त्याच्या बायकोची ठेवही तिथेच असते. रोजचे शंभर-दोनशे वर्षभर जमवून दिवाळीला उचलत असाल तर ठीक. पोरीच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवू नका.

*एक वाचक, वाशिम जिल्हा: ताई, सप्टेंबरच्या पावसात माझ्या वावरातलं सोयाबीन पार सडलं. विमा भरला होता. आमच्या मंडळाचं उत्पन्न बरं निघालं म्हणून काहीच मिळालं नाही. कंपनी लुबाडते काय?*

भाऊ, तुमचा राग रास्त आहे, पण इथे तो थोडा दुसरीकडे वळवायला हवा.

तुमच्या वावराचा विमा उतरवलेलाच नव्हता. उतरवला होता तुमच्या महसूल मंडळाचा. मंडळातली काही गावं नि शिवारं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात, तिथे दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखतात, दोरी लावून कोपऱ्यांना खुंट्या ठोकतात. तेवढ्याच जागेतलं सोयाबीन कापून, झोडून, वजन करतात. अशा कापणी प्रयोगांची सरासरी म्हणजे मंडळाचं उत्पन्न. आधीच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन आणि तिला ठरावीक टक्केवारी लावून 'उंबरठा उत्पन्न' काढलेलं असतं. समजा तो उंबरठा हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि प्रयोगात ९ निघाले. तर तूट पाव हिश्श्याची, म्हणून विमा रकमेच्या पंचवीस टक्के सगळ्या मंडळाला. रक्कम ५० हजार असेल तर साडेबारा हजार. ज्याचं रान ओढ्याकाठी होतं त्यालाही तेवढेच आणि ज्याचं माळावर तरलं त्यालाही तेवढेच. प्रयोगात १२ च्या वर निघाले तर कुणालाच नाही, मग तुमच्याकडे एक शेंग उरलेली नसली तरी.

असं का करतात? लाखो वावरं एकेक करून तपासायची तर हप्त्यापेक्षा तपासणीचा खर्च जास्त. शिवाय मंडळावर विमा असला की कुणी मुद्दाम पीक सोडून देऊन पैसे काढू शकत नाही. हिशेबाला ते बरोबर आहे. पण मंडळ नि वावर यांत जो फरक पडतो, तो सगळा धोका तुमच्या अंगावर राहतो, आणि अर्जावर सही करताना हे कुणी सांगत नाही. माझ्या मते या योजनेतली खरी लबाडी ही न सांगण्याची आहे.

आधी वेगळी सोय होती. गारपीट, पाणी साचणं अशा स्थानिक आपत्तीला ७२ तासांत कळवलं की त्या वावराची पाहणी होई. २०२५ च्या खरिपापासून राज्य सरकारने ते निकष काढून टाकले आणि भरपाई फक्त कापणी प्रयोगांवर ठेवली. त्याच वेळी एक रुपयात विमाही बंद झाला आणि खरिपाला दोन टक्के हप्ता पुन्हा आला. म्हणजे हप्ता वाढला आणि छत्री लहान झाली. रुपयातल्या विम्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला होता हे खरंच, मात्र त्याची शिक्षा ओढ्याकाठच्या माणसाला झाली.

आता कंपनीचं. बीड पॅटर्न म्हणतात तो तुम्ही ऐकला असेल. बीड जिल्ह्यात २०२० मध्ये तो सुरू झाला. जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनीने द्यायची, त्यावर गेली तर सरकारने. भरपाई कमी निघाली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी सरकारला परत करायचे. म्हणजे कंपनीचा नफाही बांधला आणि तोटाही. म्हणून विम्याचे पैसे नाही मिळाले की कंपनीनेच खाल्ले असं या पद्धतीत सरसकट म्हणता येत नाही.

तुम्ही काय करायचं? तालुका कृषी कार्यालयात अर्ज देऊन तुमच्या मंडळातल्या कापणी प्रयोगांचे आकडे आणि गावं मागा. प्रयोग झाला तेव्हा तिथे कोण हजर होतं तेही विचारा. अतिवृष्टीचं अनुदान हा वेगळा विषय, तो पंचनाम्यावर मिळतो. तुमचा पंचनामा झाला आहे का ते आधी पाहा.

*एक वाचक, पुणे (वय २४): मी आयटीत आहे. निफ्टीचे ऑप्शन विकत घेतो. यात तोटा प्रीमियमपुरताच मर्यादित असतो. मग हा एक प्रकारचा विमाच झाला ना? घरचे उगाच जुगार म्हणतात.*

तुला अरे-तुरे करते, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.

विमा आणि जुगार यांची यंत्रणा एकच असू शकते. फरक इतकाच की ज्याचा विमा काढायचा ते तुझ्याकडे आहे का. सांगलीचा हळदीचा व्यापारी घे. समजा त्याने १४,००० रुपये क्विंटलने ५० क्विंटल हळद घेऊन गोदामात टाकली. त्याला भीती की दोन महिन्यांत भाव पडेल. म्हणून त्याने वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरतो तिथे, तेवढीच हळद १४,४०० ला विकली. भाव १२,५०० वर आला तर गोदामातल्या मालावर ७५ हजारांचा तोटा, वायद्यात ९५ हजारांचा फायदा. भाव १६,००० झाला तर मालावर एक लाखाचा फायदा, वायद्यात ८० हजारांचा तोटा. दोन्हीकडून त्याच्या हाती वीस हजार. त्यातून गोदामाचं भाडं आणि बँकेचं व्याज गेलं की फार काही उरत नाही, पण रात्री झोप लागते. भाव रोज वर-खाली होईल तसा मार्जिनचा, म्हणजे तारणाचा, पैसा मात्र रोज भरावा लागतो. अनेक छोटे व्यापारी याच रोजच्या पैशाला घाबरून वायद्याकडे फिरकत नाहीत.

आता सांग, तुझ्या गोदामात काय आहे? तुझ्याकडे निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचे शेअर असते आणि ते पडतील म्हणून तू पुट, म्हणजे ठरल्या भावाने विकायचा हक्क, घेतला असतास, तर त्याला मी विमा म्हटलं असतं. नुसता कॉल, म्हणजे ठरल्या भावाने घ्यायचा हक्क, विकत घेऊन करार संपायच्या गुरुवारची वाट पाहायची, तो वार बदलून मंगळवार झाला तरी, हे विमा नव्हे.

तोटा प्रीमियमपुरता, म्हणजे त्या हक्कासाठी मोजलेल्या पैशांपुरता, मर्यादित हे खरं. पण तो दर आठवड्याला मर्यादित असतो, आणि वर्षात बावन्न आठवडे असतात. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आकडे दिले: तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोकांनी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार केले, त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी दोन लाख. मिळवणारे बहुतेक मोठ्या संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार, आणि त्यांची कमाई जवळजवळ सगळी संगणकाच्या अल्गोरिदममधून. तू ऑफिसच्या वॉशरूममधून मोबाईलवर त्यांच्याशी खेळतोस. त्यानंतर सेबीने करारांचं किमान मूल्य १५ लाख केलं, आठवड्याच्या मुदतीचे करार एका शेअर बाजारात एकाच निर्देशांकापुरते ठेवले. तरीही २०२४-२५ मध्ये तोट्यातल्यांचं प्रमाण ९१ टक्के राहिलं.

घरचे उगाच म्हणत नाहीत. ब्रोकरच्या ॲपवरून मागच्या वर्षाचा टॅक्स पी-अँड-एल उतरवून घे, ब्रोकरेज आणि करांची ओळ धरून बेरीज कर, आणि तो आकडा मला पाठव. नाव छापणार नाही.

*एक वाचक, मडगाव: शेअर दलालच बुडाला तर माझे शेअर जातात का?*

डिमॅट खात्यातले शेअर दलालाकडे नसतात, ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावावर असतात. तुम्ही विकले आणि समोरच्याने पैसे दिले नाहीत, तरी मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते. ती प्रत्येक विक्रेत्यासाठी खरेदीदार आणि प्रत्येक खरेदीदारासाठी विक्रेता होते. म्हणून अनोळखी माणसाशी व्यवहार करूनही दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे येतात.

गोची होते ती दोन ठिकाणी. एक, मुखत्यारपत्र. पूर्वी काही दलालांनी त्याचा आधार घेऊन ग्राहकांचे शेअर गहाण टाकून स्वतःसाठी कर्ज उचललं. २०२० पासून शेअर गहाण टाकायचे तर डिपॉझिटरीकडून ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येतो. तो फोनवरून कुणाला सांगू नका, दलालाच्या माणसालासुद्धा. दोन, दलालाच्या लेजरमध्ये, म्हणजे त्याच्याकडच्या तुमच्या हिशेबात, पडून असलेली रोख. ती शेअरइतकी सुरक्षित नाही, गुंतवणूकदार संरक्षण निधीतून ती मिळवायला दावा करत बसावं लागतं. खरेदी करायची नसेल तर पैसे बँकेत परत घ्या.

डिपॉझिटरीकडून तुम्हाला ईमेलवर एकत्रित खातेउतारा येत असेल. दलालाच्या ॲपवरची यादी आणि तो उतारा शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहा. पीडीएफ उघडत नाही म्हणून बरेच जण तो तसाच सोडून देतात. पासवर्ड तुमचा पॅन आहे, अक्षरं कॅपिटलमध्ये टाका.